म्यानापासून म्यानापर्यंत

२४ मार्च १८६० च्या सकाळी एडोत, म्हणजे आजच्या टोकियोत, अवकाळी बर्फ पडत होता. शोगुनच्या राजवटीचा मुख्य कारभारी ई नाओसुके पालखीत बसून किल्ल्याकडे निघाला होता. वाडा ते किल्ल्याचा साकुरादा दरवाजा हे अंतर अगदी थोडं. बरोबर साठेक माणसं होती. बर्फाने तलवारी भिजू नयेत म्हणून रक्षकांनी मुठींवर खोळी चढवल्या होत्या, अंगावर पावसाळी अंगरखे होते. मितो संस्थानातले सतरा आणि सात्सुमातला एक असे अठरा जण वाटेत टपून बसले होते. त्यांनी झडप घातली तेव्हा रक्षकांचे हात मुठींकडे गेले आणि खोळींत अडकले. खोळ काढून तलवार बाहेर येईपर्यंत कित्येक जण आडवे झाले होते. काहींनी म्यानासकट तलवार पुढे करून वार अडवले. थोड्याच वेळात नाओसुकेचं मुंडकं हल्लेखोरांच्या हाती होतं.

या घटनेने शोगुनशाहीचा पाया हादरला, म्हणून जपानच्या प्रत्येक इतिहासात ती येते. या पुस्तकाच्या दृष्टीने मात्र तिची आणखी एक बाजू महत्त्वाची आहे. नाओसुके स्वतः तलवार उपसण्याच्या विद्येचा मोठा अभ्यासक होता. हिकोनेच्या सरदार घराण्यातला तो चौदावा मुलगा. गादी मिळण्याची आशा नव्हती, त्यामुळे तारुण्याची पंधरा वर्षं त्याने किल्ल्याबाहेरच्या एका साध्या घरात झेन, चहाविधी आणि इआई यांत घालवली. पुढे त्याने इआईचा स्वतःचा पंथ काढला आणि त्यावर लिहिलं. आपल्या लिखाणात त्याने तलवार न उपसता राखण्याला सर्वांत वरची जागा दिली. त्या सकाळी हल्ल्याच्या सुरुवातीलाच पालखीवर पिस्तुल झाडलं गेलं. गोळी लागलेला नाओसुके जागचा उठूच शकला नाही. त्याची तलवार पालखीत त्याच्याजवळच होती.

तलवार म्यानात असताना जिची सुरुवात होते आणि ती पुन्हा म्यानात गेल्यावर जी संपते, ती विद्या म्हणजे इआई. तलवारबाजीचा इतर अभ्यास, ज्याला जपानीत केनजुत्सु म्हणतात, दोघांच्या तलवारी उपसलेल्या आहेत असं धरून चालतो. इआई त्याच्या आधीचा क्षण पकडते. समोरचा माणूस शेजारी बसलेला आहे, दारातून आत येतोय, रस्त्याने चाललाय, आणि अजून काही घडलेलं नाही. काही घडलंच तर पहिली हालचाल कोणती, ती कुठून सुरू होते, ती संपल्यावर माणूस कुठे उभा असतो, एवढ्याचा अभ्यास जपानमध्ये साडेचारशे वर्षं अखंड चालू आहे. जुन्या पंथांत तिला इआईजुत्सु किंवा बात्तोजुत्सु म्हणत. इआईदो हे आजचं रूढ नाव विसाव्या शतकात पक्कं झालं.

मला या प्रस्तावनेत जे सांगायचं आहे ते आधीच सांगतो. इआईचा इतिहास सहसा एका मूळ पुरुषापासून खाली उतरत येणाऱ्या वंशावळीसारखा मांडला जातो. वंशावळी खोट्या नाहीत. पण आज टोकियोतल्या व्यायामशाळेत किंवा युरोपातल्या एखाद्या सभागृहात जी इआई दिसते, ती घडवली नंतरच्यांनी. ज्यांनी ती जपली त्यांनीच ती बदलली, आणि त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी रणांगण पाहिलं नव्हतं. मला यात कुठलाही उणेपणा वाटत नाही. उलट ज्या विद्येची व्यवहारातली गरज संपली ती दहा-पंधरा पिढ्यांनी इतक्या निगुतीने का सांभाळली, हा प्रश्न मला लढायांच्या वर्णनांपेक्षा अधिक ओढ लावतो.

मूळ पुरुषाची कथा अशी आहे. होन्शु बेटाच्या उत्तरेला देवा प्रांतात, आजच्या यामागाता जिल्ह्यातल्या मुरायामा शहराजवळ, हायाशिझाकी नावाचं गाव आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर तिथे एका सामुरायाचा खून झाला. त्याचा मुलगा लहान होता. मोठा होताना त्याने गावच्या देवळात व्रत धरलं, दिवसरात्र तलवारीचा सराव केला, आणि अखेर देवतेने त्याला तलवार उपसण्याचं मर्म दाखवलं. पुढे त्याने खुन्याला शोधून काढून बापाचा सूड घेतला. हाच हायाशिझाकी जिन्सुके शिगेनोबु. त्याचं नाव आज बहुतेक सगळे इआई पंथ आपल्या वंशावळीत पहिलं लिहितात. ते देऊळ अजून उभं आहे, जिन्सुके तिथे देव म्हणून पूजला जातो, आणि देशभरचे साधक तिथे जाऊन देवासमोर आपली कला सादर करतात.

व्रत, स्वप्नातला साक्षात्कार आणि सूड ही त्या काळच्या पंथसंस्थापकांच्या चरित्रांची ठरीव चौकट आहे, आणि जिन्सुकेचं चरित्र आपल्याला मिळतं ते पुष्कळसं नंतरच्या लिखाणातून. शिवाय तलवार उपसण्याचे पाठ त्याच्या आधीही होते. कातोरी शिंतो-र्यु या पंथाचा संस्थापक इईझासा चोईसाई पंधराव्या शतकातला, आणि त्या पंथाच्या अभ्यासक्रमात इआईचा स्वतंत्र भाग आहे. तेव्हा जिन्सुकेने ही विद्या शून्यातून काढली असं म्हणता येत नाही. त्याचं मोठेपण वेगळं आहे. दुसऱ्या शस्त्रांच्या ताटात कोपऱ्यात पडलेला हा भाग त्याने बाहेर काढला आणि तोच मुख्य विषय केला. त्याच्या शिष्यांच्या यादीकडे पाहिलं की हे पटतं. तामिया हेईबेईपासून तामिया-र्यु निघाला, कातायामा होकी नो कामी हिसायासुपासून होकी-र्यु निघाला. एका माणसाच्या शिकवणुकीतून इतके पंथ फुटतात ते त्याने एक नवा प्रश्न विचारलेला असतो म्हणून.

तो प्रश्न नेमका त्याच काळात का निघाला, याचं उत्तर तलवार बांधण्याच्या पद्धतीत सापडतं. जुनी ताची ही घोडेस्वाराची तलवार. ती कमरेला दोऱ्यांनी टांगलेली असे आणि तिची धार खाली असे. ती आधी उपसायची आणि मग वार करायचा. पंधराव्या-सोळाव्या शतकांत पायदळ वाढलं तशी लहान लांबीची तलवार धार वर करून थेट कमरपट्ट्यात खोचायची रीत पसरली. धार वर आली की उपसणं आणि कापणं या दोन हालचालींची एक होते. पात्याची वक्रता हाताच्या कमानीबरोबर जाते आणि म्यानातून सुटणारं टोक तसंच पुढे लक्ष्यावर पोचतं. आपल्याकडची तलवार एका हाताची, लहान मुठीची आणि टोकाला गादी असलेली. कतानाची मूठ वीतभराहून लांब असते आणि दोन हातांत मावते, पण उपसताना तीही एकाच हाताने येते. दुसरा हात मुठीवर पडतो तो नंतरच्या वारासाठी.

मात्र रणांगणावर हे कौशल्य फारसं कामाचं नव्हतं हेही ध्यानात घ्यायला हवं. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांबरोबर बंदूक आली आणि तीस-चाळीस वर्षांत जपानी युद्धाचा नूर पालटला. त्याआधीही लढाई भाल्याने आणि धनुष्याने लढली जाई. मैदानात उतरताना शस्त्र हातातच असतं, ते उपसायची घाई कुणाला असणार? इआईची गरज लागते ती दालनात, जिन्यावर, अंधाऱ्या गल्लीत, मेजवानीत. हायाशिझाकीच्या सर्वांत जुन्या शाखांतला पाठ असा की समोरचा जवळजवळ गुडघ्याला गुडघा लावून बसला आहे, त्याच्याकडे वीतभराहून थोडी मोठी कट्यार आहे आणि आपल्याकडे मीटरभर लांबीच्या पात्याची तलवार. इतकं लांब पातं इतक्या कमी जागेत बसल्या बसल्या उपसायचं. ही जवळपास अशक्य अट मुद्दाम घातलेली आहे. हात पुरत नाही, म्हणून अख्ख्या शरीराने उपसायला शिकावं लागतं.

१६०३ नंतर तोकुगावा शोगुनांनी देशावर अडीचशे वर्षांची शांतता लादली. सामुराई राहिला, त्याच्या दोन तलवारी राहिल्या, लढाई उरली नाही. तलवार उपसणं हा आता कायद्याचा विषय झाला. १७०१ मध्ये आको संस्थानचा सरदार आसानो नागानोरी याने एडोच्या किल्ल्यातल्या ओसरीवर दरबारी अधिकारी किरा याच्यावर लहान तलवार उपसली. किल्ल्यात शस्त्र उपसण्याला क्षमा नव्हती. त्याच दिवशी आसानोला पोट फाडून मरण्याची आज्ञा झाली, त्याचं संस्थान खालसा झालं, आणि त्याच्या सत्तेचाळीस सेवकांनी पुढे घेतलेला सूड आजही नाटक-सिनेमांत गाजतो. त्या कथेच्या ओघात एक गोष्ट मागे पडते. आसानोचे वार किराच्या पाठीवर आणि कपाळावर लागले, किरा वाचला, आणि मागून एकाने आसानोला मिठी मारून आवरलं. ज्या एका कृतीसाठी त्याने घरदार, प्रजा आणि प्राण पणाला लावले ती त्याला तडीस नेता आली नाही. त्या काळच्या एखाद्या इआई शिक्षकाने आपल्या शिष्यांना याहून मोठा धडा काय दिला असता? उपसलीस तर सगळं गेलं, आणि उपसून चुकलास तरीही सगळं गेलं.

या दडपणाखाली इआईचं रूप पालटत गेलं. वारापेक्षा वाराच्या आधीची स्थिरता आणि नंतरची सावधता यांना वजन आलं. त्याच काळात तिचा बाजारही मांडला गेला. एडोच्या आसाकुसा भागात दंतमंजन आणि औषधं विकणारे लोक गर्दी जमवण्यासाठी अचाट लांबीच्या तलवारी उपसून दाखवत. संस्थानांच्या बंद दारांआड गुप्त म्हणून शिकवली जाणारी गोष्ट चौकात दाढदुखीच्या औषधाबरोबर बघायला मिळत होती. इआईच्या गंभीर इतिहासांत या मंडळींना जागा मिळत नाही. मला ते त्या इतिहासाचा खराखुरा भाग वाटतात, आणि एका प्रकरणात मी त्यांच्याविषयी सविस्तर लिहिलं आहे.

मुख्य प्रवाह वाहिला तो मात्र तोसा संस्थानातून. शिकोकु बेटावरचा हा प्रांत, आजचं कोची. हायाशिझाकीपासून सातवा मानला जाणारा हासेगावा एईशिन याने जुन्या पाठांना धार वर बांधलेल्या तलवारीचं वळण दिलं असं परंपरा सांगते, आणि त्याच्या नावाने हासेगावा एईशिन-र्यु ओळखला जातो. पुढच्या पिढ्यांत हायाशी रोकुदायु मोरिमासा याने ही विद्या एडोत शिकून तोसाला नेली. तिथे ती संस्थानाबाहेर शिकवायची नाही असा दंडक होता. हायाशीशी संबंधित आणखी एक माणूस, ओमोरी रोकुरोझाएमोन, याला ओगासावारा घराण्याच्या शिष्टाचारांचं चांगलं ज्ञान होतं. त्याने गुडघे मोडून टाचांवर बसण्याच्या औपचारिक बैठकीतून, म्हणजे सेईझातून, सुरू होणारे पाठ बांधले. ते तोसाच्या अभ्यासक्रमात सामील झाले आणि आज कुठल्याही नवशिक्याला पहिल्यांदा तेच शिकवतात.

इथे एक अडचण आहे आणि जाणकार तिच्यावर अजून वाद घालतात. घरात शिरताना सामुराई लांब तलवार कमरेतून काढून ठेवत असे किंवा बसल्यावर उजव्या बाजूला जमिनीवर ठेवत असे. सेईझात बसलेल्या माणसाच्या कमरेला लांब तलवार असण्याचा प्रसंग प्रत्यक्षात येतच नसे. मग या पाठांचा उपयोग काय? काहींच्या मते हे सगळं कवायतीपुरतं. मला दुसरं उत्तर पटतं. सेईझात पाय बांधलेले असतात, उडी नाही, झेप नाही, कंबर आणि पोट यांच्याच जोरावर उठावं लागतं. जिन्सुकेच्या शाखेने मीटरभर पात्याची अट घालून जे साधलं, तेच ओमोरीने बैठकीची अट घालून साधलं. शिवाय या पाठांना दिवाणखान्यातली शिस्त मिळाली, आणि शांततेच्या काळातल्या सामुरायाला ती रोजच्या कामाची होती.

ओमोरीच्या पाठांतला पहिला, ‘माए’, जवळून पाहू. साधक सेईझात बसलेला आहे, समोर दोन हातांवर तसाच बसलेला प्रतिस्पर्धी आहे असं मानायचं. दोन्ही हात मांड्यांवरून एकदम उठतात. डावा हात म्यानाचं तोंड धरतो आणि त्याचा अंगठा मुठीपुढच्या चकतीला, त्सुबाला, हलकेच रेटतो. पात्याच्या बुडाशी एक धातूचा पट्टा बसवलेला असतो, त्याला हाबाकी म्हणतात. तो म्यानाच्या तोंडात इतका घट्ट बसतो की तलवार तिरकी झाली तरी गळत नाही, आणि अंगठ्याने ती पकड सोडवल्याखेरीज बाहेरही येत नाही. पकड सुटल्याचा आवाज होता कामा नये. मग साधक गुडघ्यांवर उठू लागतो आणि त्याच गतीने पातं सरकू लागतं, आधी सावकाश, मग वेगाने. शेवटची तीन-चार बोटं पातं आत उरलेलं असताना डावा हात म्यान मागे खेचतो, उजवा पाय पुढे पडतो आणि टोक कानशिलाच्या उंचीवर आडवं फिरून थांबतं. पाहणाऱ्याचं सगळं लक्ष उजव्या हाताकडे असतं. शिक्षक बघत असतो तो डाव्या हाताकडे, कारण म्यान मागे गेलं नाही तर पातं सुटत नाही, सुटलंच तर म्यानाचं लाकूड आतून तासत येतं. जुन्या म्यानाच्या तोंडातून लाकडाचा भुसा निघतो तो अशाच चुकांचा.

पहिल्या आडव्या वाराने समोरचा थबकतो. पातं डाव्या कानाजवळून डोक्यावर जातं, डावा हात मुठीवर येतो, गुडघा पुढे सरकतो आणि सरळ उभा वार खाली येतो. मग उठून उभं राहता राहता पात्यावरचं रक्त झटकल्याची हालचाल, आणि शेवटी तलवार म्यान करणं. हा शेवटचा भाग सर्वांत लांब आणि सर्वांत अवघड. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी म्यानाच्या तोंडापाशी एक बेचकं करतात. पात्याची पाठ त्या बेचक्यावर टेकते, तिथून टोकापर्यंत ओढली जाते, आणि टोक तोंडात उतरलं की म्यान पुढे आणि पातं मागे असे दोघे एकमेकांकडे येतात. हे सगळं हाताकडे न बघता करायचं, कारण नजर समोर पडलेल्या माणसावर हवी. इआई करणाऱ्यांच्या डाव्या तळहातावर त्या बेचक्यात जे व्रण असतात ते बहुतेक म्यान करतानाचेच.

त्याच संचातला ‘काईशाकु’ हा पाठ मला विशेष अस्वस्थ करतो. त्यात शत्रू नाही. पोट फाडून मरणाऱ्या माणसाच्या मागे उभं राहून त्याच्या यातना एका वारात संपवणारा सहायक, ही साधकाची भूमिका. तलवार शक्य तितक्या निःशब्दपणे उपसायची, मरणाऱ्याला तिची चाहूल लागू नये म्हणून. स्पर्धेत आणि परीक्षेत हा पाठ करायचा नाही असा रिवाज आहे. यानंतरचे एईशिन-र्युचे पाठ एक गुडघा उभा ठेवलेल्या बैठकीतून सुरू होतात आणि त्यांची नावं आडवा ढग, वीज, तरंगता ढग, खडकावरची लाट, कोसळता धबधबा अशी आहेत.

१८६८ च्या सत्तांतरानंतर सामुराई वर्गच मोडीत निघाला. १८७६ मध्ये सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगायला बंदी आली. इआईची गुरुकुलं एकापाठोपाठ एक बंद पडली, कारण शिकणारेच उरले नाहीत. पुढल्याच वर्षी सात्सुमाच्या बंडात सरकारच्या पोलिसांतल्या तलवारधारी तुकडीने मोठी कामगिरी केली, तेव्हा सरकारला जुन्या विद्येची आठवण झाली. १८८६ मध्ये टोकियो पोलिसांनी निरनिराळ्या पंथांतून पाच इआई पाठ निवडून आपला संच तयार केला. पंथांच्या भिंती ओलांडून सामाईक पाठ बांधण्याचा तो एक फार लवकरचा प्रयत्न होता. १८९५ मध्ये क्योतोत दाई निप्पोन बुतोकु काई ही संस्था निघाली आणि तिने सगळ्या युद्धकलांना एका छत्राखाली आणलं.

तोसात या पडझडीच्या काळात जे उभे राहिले त्यांत ओए मासामिची हे नाव सर्वांत वर. जन्म १८५२ चा, मृत्यू १९२७ चा. म्हणजे बालपण सामुरायांच्या राज्यात आणि म्हातारपण विजेच्या दिव्यांत. तोसाची परंपरा तोवर तानिमुरा आणि शिमोमुरा अशा दोन शाखांत विभागली होती. ओए दोन्हीकडे शिकला. त्याने ओमोरीचे पाठ पहिल्या पायरीवर, एईशिनचे मधल्या पायरीवर आणि जुने खोल पाठ शेवटी अशी रचना लावली, आणि अनेक जुने प्रकार अभ्यासातून काढून टाकले. त्याने काय काय गाळलं याची हळहळ आजही काहींना वाटते. ती खरी आहे. पण विस्कळीत असलेली सामग्री त्याने शाळेतल्या मुलाला शिकवता येईल अशी केली नसती, तर हळहळायलाही कोणी उरलं नसतं. आज मुसो जिकिदेन एईशिन-र्यु म्हणून ओळखला जाणारा पंथ मुख्यतः त्याच्याच हातचा.

दुसरा माणूस नाकायामा हाकुदो. कानाझावात जन्मलेला, केंदोत, म्हणजे आधुनिक जपानी तलवारबाजीत, अग्रगण्य. त्याला तोसाची विद्या हवी होती आणि तोसा ती बाहेरच्याला द्यायला राजी नव्हतं. तोसाचाच पुढारी, जपानच्या लोकशाही चळवळीतला नामवंत इतागाकी ताईसुके, याने शब्द टाकला तेव्हा दार उघडलं. हाकुदोला होसोकावा योशिमासा या शिमोमुरा शाखेच्या गुरूकडे शिकायला मिळालं. त्यातून पुढे मुसो शिंदेन-र्यु आकाराला आला. ओएचे शिष्य पश्चिम जपानात, हाकुदोचे टोकियोच्या आसपास. तलवार डोक्यावर नेतानाची टोकाची उंची, म्यान करतानाचा धारेचा कल अशा बारीकसारीक गोष्टींत दोन्ही पंथ वेगळे आहेत. जगभर इआई शिकणाऱ्यांत या दोन पंथांचा वाटा फार मोठा आहे.

पुढचा भाग लिहिताना हात जड होतो. १९२५ मध्ये लष्कराच्या तोयामा शाळेत अधिकाऱ्यांसाठी उभ्याने करायचे थोडके पाठ बांधले गेले. सैन्यात तलवारीचं गौरवीकरण झालं, आणि चीन व आग्नेय आशियात त्याच तलवारींनी बंदिवानांची आणि निःशस्त्र नागरिकांची मुंडकी उडवली. युद्धकलांवरची बरीच पुस्तकं १९३० वरून थेट १९५० वर येतात. मी तसं केलेलं नाही. त्या वर्षांत इआईच्या शिक्षकांनी काय शिकवलं, कुणाला शिकवलं, ते पाहिल्याशिवाय या विद्येच्या मनःशांतीबद्दल बोलण्याचा हक्क मिळत नाही असं मला वाटतं.

पराभवानंतर दोस्तांच्या फौजांनी तलवारी मोठ्या प्रमाणावर जप्त केल्या. १९४६ मध्ये बुतोकु काई विसर्जित झाली. कलाकृती म्हणून काही तलवारी वाचवता आल्या आणि प्रत्येकीची नोंदणी सक्तीची झाली. ती आजही आहे. १९५२ मध्ये अखिल जपान केंदो महासंघ स्थापन झाला, १९५४ मध्ये इआईदोचा स्वतंत्र महासंघ. १९६९ मध्ये केंदो महासंघाने सर्व पंथांच्या साधकांसाठी सात सामाईक पाठ ठरवले. नंतर दोन टप्प्यांत भर पडून त्यांची संख्या बारा झाली. यांना सेईतेई इआई म्हणतात. त्यांच्यामुळे परीक्षा, पदव्या, स्पर्धा शक्य झाल्या, परदेशांत प्रसार झाला. त्याचबरोबर सगळ्यांची इआई एकसारखी दिसू लागली, आणि पदव्यांना भलतंच मोल आलं. वरच्या पदव्यांच्या परीक्षांत पैशांची देवघेव होत असल्याचं २०१८ मध्ये जपानी वृत्तपत्रांनी उघड केलं. सामाईक पाठांचा मी विरोधक नाही, पण त्यांवरच थांबणाऱ्याला जुन्या पंथांतली विविधता कधी दिसत नाही याचं वाईट वाटतं.

प्रसाराला आणखी एक साधी गोष्ट कारण झाली. जस्त आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, धार लावताच येणार नाही अशी सरावाची तलवार निघाली. गिफु जिल्ह्यातलं सेकी हे जुनं लोहारांचं गाव अशा तलवारींसाठीही प्रसिद्ध आहे. तिला नोंदणी लागत नाही, किंमत खऱ्या पात्याच्या मानाने फार कमी. परवानाधारक लोहाराने घडवलेली पोलादी तलवार घ्यायची म्हणजे मोठा खर्च, कारण अशा लोहाराला महिन्याला दोनच लांब तलवारी घडवता येतात. कारकून, शिक्षिका, निवृत्त रेल्वे कर्मचारी आज इआई शिकतात ते या मिश्रधातूच्या जोरावर.

सिनेमाने या विद्येला कीर्ती दिली आणि तिच्याबद्दल गैरसमजही पसरवले. कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’साठी कातोरी शिंतो-र्युचे सुगिनो योशिओ सल्लागार होते, त्यामुळे त्यातल्या अबोल तलवारबाजाच्या हालचालींत खरी शिस्त दिसते. पण १९६२ च्या ‘सांजुरो’मधल्या शेवटच्या द्वंद्वापासून प्रेक्षकाच्या डोक्यात इआई म्हणजे विजेच्या वेगाने उपसणं असं पक्कं बसलं. वेग हा सरावाचा शेवट आहे. जुने शिक्षक नवशिक्याला वर्षानुवर्षं सावकाशच करायला लावतात, कारण घाईत डावा हात विसरतो आणि कंबर वर येते.

पुस्तकाची मांडणी काळाच्या क्रमाने असली तरी वाचकाने तसंच वाचावं असा आग्रह नाही. तोसावरची तीन प्रकरणं सर्वांत लांब आहेत, कारण सामग्री तिथे सर्वांत दाट आहे. तामिया आणि होकी या पंथांची प्रकरणं त्यामानाने आटोपशीर आहेत. जपानी नावं तिथल्या रीतीप्रमाणे आडनाव आधी अशी लिहिली आहेत. गुरुपरंपरांच्या याद्या पंथागणिक वेगळ्या येतात. जिथे दोन शाखा एकाच पिढीसाठी वेगळी नावं सांगतात तिथे दोन्ही दिली आहेत, निवाडा केलेला नाही.

पाठांची वर्णनं बरीच तपशिलात आहेत, म्हणून एक विनंती. त्यांवरून घरी तलवार उपसण्याचा प्रयत्न करू नये, मग ती धारेची असो वा बिनधारेची. मिश्रधातूच्या तलवारीला धार नसली तरी टोक अणकुचीदार असतं आणि म्यान करताना तेच टोक डाव्या हातावरून जातं. शिकायचं असेल तर शिक्षक गाठावा आणि सुरुवात लाकडी तलवारीने करावी. प्लॅस्टिकचं म्यान असलेल्या सरावाच्या लाकडी तलवारी मिळतात. पहिलं वर्ष तेवढ्यावर सहज निघतं.